कॅनडात घेतलेली शिकारी रायफल इंदूरला आणायची तर आधी काय, मग काय

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे मूळचे इंदूरचे, बरीच वर्षं कॅलगरीला नोकरी, आता आईवडिलांसाठी कायमचं परत यायचंय. तिथं रीतसर पीएएल म्हणजे तिकडचं बंदुकीचं लायसन्स काढून दोन बोल्ट अ‍ॅक्शन रायफली (दर गोळीला हातानं बोल्ट मागेपुढे करायच्या) घेतल्या, एक .३०८ आणि एक .३०-०६ म्हणजे थर्टी-ओ-सिक्स, सीझनला हरणाच्या शिकारीला जायचे. घरी वडिलांच्या नावावर जुनी दुनाळी आहे. विचारतायत की दोन्ही रायफली सामानात आणता येतील का, ड्यूटी भरली की सुटतील का, आणि लायसन्स इथं उतरल्यावर काढलं तर चालेल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण सगळे तिथंच फसतात. नाही चालणार. रायफल विमानात चढायच्या आधी तुमच्या नावाचं भारतातलं लायसन्स तुमच्या हातात पाहिजे आणि त्यावर तोच प्रकार, तोच बोअर म्हणजे नळीचं आणि काडतुसाचं माप लिहिलेलं पाहिजे. बाकी जे काही खाली सांगतोय ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं. आमचं इंदूरला गन हाऊस आहे, वडिलांपासूनचं, आणि टीआरवर म्हणजे परदेशातलं बिऱ्हाड हलवून येणाऱ्या लोकांची हत्यारं लायसन्सवर चढवून द्यायचं काम आमच्याकडे येत असतं. ज्यांनी आधी लायसन्स केलं त्यांची रायफल थोड्या चकरा मारून का होईना घरी आली, आणि ज्यांनी आधी रायफल आणली त्यांची कस्टमच्या गोदामात पडून राहिली, काहींची अजून पडलीय.

आता बोअर. ही गोष्ट कॅनडात कुणी सांगणार नाही कारण तिथं तिचा काही संबंधच नाही. .३०८ तिकडे सगळ्यात कॉमन शिकारी बोअर आहे, कुठल्याही दुकानात काडतुसं मिळतात, पण आपल्या आर्म्स रूल्स २०१६ च्या पहिल्या शेड्यूलमध्ये प्रोहिबिटेड बोअरची जी यादी आहे तिच्यात .३०३ किंवा ७.६२ एमएमच्या बोल्ट अ‍ॅक्शन आणि सेमी ऑटोमॅटिक रायफली आहेत, आणि त्याच्यापुढे असंही आहे की ज्या दुसऱ्या कुठल्या बोअरमध्ये फौजेचं हे काडतूस बसतं आणि उडतं तो बोअरही त्यातच. .३०८ विंचेस्टरच्या चेंबरमध्ये ७.६२ बाय ५१ हे नाटोचं काडतूस बसतं. म्हणजे रायफल कितीही साधी असो, लाकडी बट असो, शिकारीसाठीच घेतलेली असो, इथं ती पीबी म्हणजे प्रोहिबिटेड बोअर झाली, आणि पीबीचं लायसन्स कलेक्टर देत नाही, ते दिल्लीला गृह मंत्रालयाचं काम आहे आणि तुमच्या कारणासाठी ते मिळणार नाही. तेव्हा .३०८ चा विचार आजच सोडा. एका मर्चंट नेव्हीतल्या साहेबांना मी फोनवर हे सांगितलं होतं, त्यांना वाटलं एवढं कोण बघतंय, एअरपोर्टवर ऑफिसरनं केस उघडून सगळ्यात आधी बॅरलवर काय कोरलंय तेच वाचलं.

.३०-०६ एनपीबी म्हणजे नॉन प्रोहिबिटेड आहे, आपल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीनं स्वतः त्या बोअरची स्पोर्टिंग रायफल सिव्हिल लोकांसाठी काढलेली आहे, त्यामुळे त्यावर वाद होत नाही. .२७०, .२४३ वगैरेही या कलमात येत नाहीत. पण सेमी ऑटोमॅटिक असेल तर बोअर काहीही असो, नको. आणि आवाज किंवा फ्लॅश कमी करणारी कुठलीही वस्तू प्रोहिबिटेड यादीत स्वतंत्र लिहिलेली आहे, लोकांना सायलेन्सर तेवढा आठवतो आणि पुढे लावलेला फ्लॅश हायडर विसरतात, तो काढून तिथंच ठेवा. साधी दिवसाची स्कोप चालते. थर्मल, नाइट व्हिजन असलं काही असेल तर तेही तिथंच विका, त्याचे एक्सपोर्टचे नियम वेगळेच आणि त्याच्यापायी रायफल अडकायची.

दोन हत्यारांच्या हद्दीबद्दल. बंदुकीच्या कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त दोन हत्यारं, आधी तीन होती. वडिलांची दुनाळी वडिलांच्या नावावर आहे तोवर ती तुमच्यात धरली जात नाही. पण पुढे ती तुमच्याकडे यायचीच आहे ना. नियमात सोय आहे की लायसन्सधारक ७० वर्षांचा झाला किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे राहिलं की हयातीतच वारसाच्या नावावर करता येतं. तेव्हा एक रायफल आणि एक ती दुनाळी, तुमचा कोटा तिथं भरला. हे आधीच मनात ठेवा म्हणजे इथं येऊन अजून एक काही घ्यायचा मोह होणार नाही.

आता कस्टम. बंदूक बॅगेजमध्ये आणायला मुळात बंदीच आहे, टूरवर गेलात आणि दुकानातून घेऊन आलात असं होत नाही. जी सूट आहे ती फक्त कायमचं परत येणाऱ्याला, टीआरवाल्याला, आणि तीही एकाच हत्याराला. अटी अशा की परवानगी असलेल्या बोअरचं असावं, परदेशात किमान एक वर्ष तुमच्या ताब्यात आणि वापरात असावं, इथलं चालू लायसन्स तुमच्याकडे असावं, तुम्ही किमान एक वर्ष भारतात राहायला येत असावात, आणि लागेल ती ड्यूटी भरावी, बॅगेजची जी फ्री लिमिट असते ती बंदुकीला लागत नाही. आणि सगळ्यात मोठी अट, सुटून आल्यावर ते हत्यार तुमच्या हयातीत विकायचं नाही, उसनं द्यायचं नाही, कुणाच्या नावावर करायचं नाही, पैसे घेऊन नाही आणि फुकटही नाही. टीआर कुणाला म्हणायचं तर २०१६ च्या बॅगेज रूल्समध्ये दोन वर्षं परदेशात मुक्काम आणि त्या दोन वर्षांत भारतातल्या चकरा मिळून सहा महिन्यांच्या आत असं होतं, तुमचं त्यात आरामात बसतं, पण बॅगेजचे नियम बदलत असतात तेव्हा तिकीट काढता त्या महिन्यात लागू असलेला नियम कस्टमच्या साइटवरून प्रिंट काढून फाईलीला लावा, जुन्या माणसाचं ऐकून येऊ नका, माझंही.

काही लोक मला आर्म्स अ‍ॅक्टचं कलम १० दाखवतात. १९५९ च्या कायद्यात आहे खरं, की ज्याला हत्यार बाळगायचा हक्क आहे तो स्वतःच्या खासगी वापरासाठी माफक प्रमाणात वेगळ्या इम्पोर्ट लायसन्सशिवाय आणू शकतो. पण ते कलम पुढेही वाचायचं असतं. त्यातच म्हटलंय की कस्टमच्या अधिकाऱ्याला शंका आली, हक्काबद्दल, संख्येबद्दल किंवा तुम्ही त्याचं काय करणार याबद्दल, तर केंद्र सरकारचा आदेश येईपर्यंत तो हत्यार अडकवून ठेवू शकतो. म्हणजे कलम १० तुम्हाला गुन्ह्यातून वाचवतं, कस्टमच्या काउंटरवरून सोडवत नाही. लायसन्स नसताना आणलं तर मग कलम २५ आहे, आणि त्यात २०१९ नंतर कमीत कमी दोन वर्षं आणि पुढे पाचपर्यंत कैद आहे. नोकरी करणाऱ्या, पासपोर्टवर फिरणाऱ्या माणसानं हा धोका कशासाठी घ्यायचा?

एक वर्ष ताब्यात होती हे सिद्ध कसं करणार, यावर तुम्ही आत्तापासून काम सुरू करा. कॅनडात २०१२ साली साध्या लाँग गनची रजिस्ट्री बंद झाली, क्वेबेकनं स्वतःची वेगळी ठेवली पण तुम्ही अल्बर्टात, म्हणजे तुमच्या रायफलीचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट असं काही नाहीच. आणि इथला ऑफिसर तेच मागणार कारण त्याला वाटतं प्रत्येक देशात आपल्यासारखं लायसन्सवर नंबर असतो. तेव्हा दुकानाचं बिल काढा, बिलावर रायफलीचा सीरियल नंबर पाहिजे, नसेल तर दुकानात जाऊन त्यांच्या रेकॉर्डवरून लेटरहेडवर लिहून घ्या की अमुक तारखेला अमुक नंबरची रायफल या पीएएल नंबरच्या माणसाला विकली. मे २०२२ नंतर घेतली असेल तर ट्रान्सफरचा रेफरन्स नंबरही असणार, तोही जोडा. वापराचा पुरावा म्हणून त्या वर्षांची शिकारीची लायसन्सं आणि टॅग, रेंजच्या क्लबची मेंबरशिप, कुठं इन्शुरन्समध्ये रायफलीचा उल्लेख असेल तर तो. कॅनडात रजिस्ट्री बंद आहे हे सांगणारं त्यांच्या सरकारी साइटवरचं पानसुद्धा प्रिंट काढून वर ठेवा, फार उपयोगी पडतं.

नंबरचं अजून एक. दुकानात आम्ही करतो ती गोष्ट सांगतो. रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट बसतो त्या मधल्या भागावर, नंबर कोरलेला असतो त्यावर पांढरा खडू आडवा घासा आणि वरवर कपड्यानं पुसून घ्या, खडू खाचेत राहतो आणि नंबर स्पष्ट दिसतो, मग फोटो काढा. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि आय यांच्यात घोळ होतो, बिलावर एक आणि रायफलीवर दुसरं असेल तर आत्ताच दुकानाकडून दुरुस्त करून घ्या. बॅरलवर जिथं बोअर लिहिलाय त्याचाही तसाच फोटो. बोल्टवर वेगळा नंबर असेल तर त्याचाही. हे फोटो लायसन्सच्या फाईलीत, कस्टमच्या पत्रात, एअरलाइनच्या ईमेलमध्ये, सगळीकडे तेच लावायचे.

लायसन्सकडे येतो, आणि इथं वेळ जातो. अर्ज फॉर्म ए-१ मध्ये, एनडीएएल म्हणजे बंदुकीच्या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन, मग कागद घेऊन मोती तबेल्याला कलेक्टोरेटमध्ये आर्म्सच्या शाखेत. फोटो, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, मेडिकल, हत्यार घरी सुरक्षित कसं ठेवणार त्याचं लेखी, आणि हत्यार हाताळायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट. कॅनडाचा सेफ्टी कोर्स केलाय तो जोडा, वजन पडतं, पण त्यावर भागेल असं धरून चालू नका, इथलं मागितलं तर करून टाका. मग पोलीस थान्याकडे व्हेरिफिकेशन जातं, शिपाई घरी येतो, शेजारी विचारतो. इथं तुमची अडचण आहे, तुम्ही तिकडे आणि पत्ता इथला. आईवडिलांना तुमच्या वतीनं अर्ज करता येत नाही. माझा सल्ला असा की एका लांब सुट्टीत या, अर्ज आणि ट्रेनिंग आणि थान्याचं काम तेवढ्यात मार्गी लावा, अर्जात स्वच्छ लिहा की कायमचा परत येतोय, कंपनीचं किंवा राजीनाम्याचं पत्र जोडा. नाहीतर दुसरा मार्ग, तुम्ही आधी येऊन राहा, रायफल तिकडे पीएएल असलेल्या माणसाकडे किंवा दुकानात रीतसर ठेवा आणि लायसन्स झाल्यावर आणा. पण मागाहून येणाऱ्या सामानाला कस्टमची मुदत असते, २०१६ च्या नियमात तुम्ही आल्यापासून एक महिन्याच्या आत तिकडून निघालं पाहिजे असं होतं, पुढची मुदत ऑफिसरच्या मर्जीवर, आणि लायसन्स एका महिन्यात होत नाही. म्हणून पहिलाच मार्ग धरा, परतीची तारीख चार-सहा महिने मागेपुढे झाली तरी बेहत्तर. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच लायसन्सवर यायला पाहिजे, आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये घालायची सवय आहे आणि पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात असतं, एअरपोर्टवर तेवढ्यावरून अर्धा तास जातो.

कारणाच्या रकान्यात शिकार लिहू नका. मनापासून सांगतो, कारण तुमच्या मेसेजमध्ये देवासकडच्या शेतात नीलगाई येतात असं होतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हौशी शिकार आपल्याकडे संपलेली आहे. पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराबद्दल कलम ११ मध्ये सोय आहे पण ती वनखात्याच्या लेखी आदेशानं, त्या त्या जागेपुरती, बंदुकीचं लायसन्स म्हणजे तो आदेश नव्हे. शेतावर रायफल घेऊन उभं राहिलात आणि नीलगाय पडली तर लायसन्स, रायफल आणि तुम्ही तिन्ही जाता. आता बंदुकीच्या कायद्याचं बघा, त्याच्या कलम १३ मध्ये २० इंचाच्या वरच्या नळीच्या साध्या बंदुकीला, म्हणजे आपल्या बारा बोरला, संरक्षण किंवा स्पोर्टसाठी लायसन्स द्यावं असं आहे, क्लबच्या मेंबरला टार्गेटसाठी पॉइंट टू टू द्यावी असं आहे, पण मोठ्या रायफलीला अधिकाऱ्याची खात्री पटेल असं सबळ कारण लागतं. तुमचं खरं कारण हेच की ही रायफल इतकी वर्षं तुमच्याकडे आहे, तुम्ही ट्रेंड आहात, नियमात ती आणायची सोय आहे आणि तुम्हाला रेंजवर नेमबाजी चालू ठेवायचीय. तेच लिहा, आणि त्याला आधार म्हणून इथल्या रायफल क्लबची मेंबरशिप घ्या. मोठ्या बोअरला सिव्हिल रेंज मिळणं कठीण आहे हे आधीच सांगून ठेवतो, महूला फौजेच्या, इकडे बीएसएफच्या रेंज आहेत पण त्या तुमच्या-माझ्यासाठी उघड्या नसतात, तेव्हा क्लबमध्ये पैसे भरायच्या आधी थर्टी-ओ-सिक्स चालवू देता का हे विचारा. नकार आला तर कारण लेखी मागायचा तुम्हाला हक्क आहे आणि संभागायुक्तांकडे अपील होतं. बाहेर चहाच्या टपरीवर भेटणाऱ्या माणसाला पैसे देऊन काम करू नका, नाव घेऊन सांगत नाही पण अशा फाईली नंतर उघडून तपासल्या गेल्यात.

लायसन्स हातात आलं की त्याचा एरिया बघा. जिल्हा, राज्य की ऑल इंडिया. हे छोटं वाटतं पण तुम्ही उतरणार दिल्लीला किंवा मुंबईला, आणि लायसन्स मध्य प्रदेशापुरतं असेल तर दिल्लीच्या एअरपोर्टपासून आपल्या हद्दीपर्यंत रायफल तुमच्यापाशी कुठल्या हक्कानं? रतलामच्या एका डॉक्टरांचं कस्टम सगळं झालं, ड्यूटी भरली, आणि पुढच्या डोमेस्टिक फ्लाईटच्या काउंटरवर हाच प्रश्न आला, रायफल शेवटी जमा करून रिकाम्या हातानं यावं लागलं. अर्ज करतानाच प्रवासाचं लिहा, ऑल इंडिया मिळत नसेल तर दिल्ली ते इंदूर एवढ्या एका खेपेची लेखी परवानगी तारखेसकट मागा. आपल्या इंदूरला आंतरराष्ट्रीय विमान उतरतं पण असलं केस-बाय-केस काम मोठ्या एअरपोर्टवर करा, तिथल्या लोकांनी पूर्वी हाताळलेलं असतं.

कॅनडाच्या बाजूला दोन कामं. साध्या रायफलीलासुद्धा देशाबाहेर कायमची न्यायला ग्लोबल अफेअर्स म्हणजे त्यांच्या परराष्ट्र खात्याचं एक्सपोर्ट परमिट लागतं, अर्ज ऑनलाइन आहे, आणि ते विचारतात की जिथं नेताय तिथल्या सरकारची परवानगी कुठंय. बघा, पुन्हा लायसन्सच आधी आलं. अमेरिकेतून येणाऱ्यांनाही तेच, तिथं मार्च २०२० पासून शिकारी रायफलींचा एक्सपोर्ट स्टेट डिपार्टमेंटकडून कॉमर्स खात्याच्या बीआयएस या विभागाकडे गेलाय, त्यामुळे जुनी माहिती घेऊन चुकीच्या दारात जाऊ नका. दुसरं, एअरलाइन. तिकीट काढायच्या आधी ईमेलवर विचारा आणि हो आलं तरच काढा, फोनवरचं हो काही कामाचं नाही. टोरोंटोहून दिल्लीची थेट फ्लाईट बघा आणि ती मध्ये कुठं इंधनाला थांबते का तेही बघा. हिथ्रो, फ्रँकफर्ट, दुबई, जिथं विमान बदलाल तिथं त्या देशाचा बंदुकीचा कायदा लागू होतो, सामान तुमच्या हातात येवो न येवो. स्वस्त तिकिटाच्या नादात दोन थांबे घेऊ नका. पॅकिंग सोपं आहे, कडक केस, चांगली कुलपं, बोल्ट काढून त्याच केसमध्ये वेगळा गुंडाळलेला, चेंबर मोकळं दिसेल असं, आणि कागदांचा एक सेट केसमध्ये, एक तुमच्या हातात.

काडतुसांबद्दल जरा थांबून सांगतो. कस्टमची हद्द ५० आहे, एअरलाइन साधारण पाच किलोपर्यंत, कंपनीच्या पॅकिंगमध्ये नेऊ देतात. तरी माझं म्हणणं पहिल्या खेपेला एकही आणू नका, एक विषय कमी होतो. इथं .३१५ सारखा सहज माल मिळणार नाही, थर्टी-ओ-सिक्ससाठी चार दुकानं फिरावी लागतील, लायसन्सवर लिहिलेल्या कोट्यात बसवावं लागेल, पण ते नंतर बघता येतं. त्यापेक्षा मोठं भय विसरलेल्या काडतुसाचं आहे. शिकारीचं जाकीट घ्या, सगळे खिसे उलटे बाहेर काढा, आतला तो लपलेला खिसासुद्धा, अस्तर फाटलं असेल तर खालच्या शिवणीपर्यंत हात फिरवा. बटवर काडतुसं खोचायची इलॅस्टिकची पट्टी असते ती काढून बघा. पाठीवरची बॅग, कॅमेऱ्याची बॅग, बूट, आणि गाडीत ठेवता ती छोटी पिशवी. रिकामी खोकी आठवण म्हणून आणतात लोक, तीही नको. आपल्या एअरपोर्टवर एक जिवंत काडतूस स्कॅनरमध्ये दिसलं की केस लागते, त्यातून पुढे कोर्टात सुटतातही, कारण हत्यार ताब्यात असणं म्हणजे ते माहीत असून ताब्यात असणं असं सुप्रीम कोर्टानं म्हटलेलं आहे, १९७२ चा गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश हा निकाल आपल्याच राज्यातला. पण तो निकाल वकिलाच्या तोंडून ऐकायची वेळ येईपर्यंत तुमची नोकरी, पासपोर्ट, झोप सगळं पणाला लागलेलं असतं.

निघायच्या महिनाभर आधी ज्या एअरपोर्टला उतरणार तिथल्या कस्टमला पत्र टाका, फ्लाईट, तारीख, रायफलीचा मेक, बोअर, नंबर, लायसन्सची कॉपी, टीआरची माहिती, फोटो. उत्तर येईलच असं नाही, पण तुमच्याकडे पोच असते. उतरल्यावर सरळ रेड चॅनल. डिक्लरेशनमध्ये बंदूक हा शब्द स्वतःच्या हातानं लिहायचा, कुणी विचारेल तेव्हा सांगू असं नाही. किंमत खरी लिहा, बिल दाखवा, वापरलेली आहे हे सांगा. आणि काही कारणानं ऑफिसर सोडत नसेल तर तिथं वाद घालत उभं राहू नका, कस्टम अ‍ॅक्टच्या कलम ८० खाली लेखी विनंती करा की माल तात्पुरता ठेवून घ्या, मी भारताबाहेर जाताना परत नेईन. ज्यानं खरं डिक्लरेशन दिलंय त्यालाच ही सोय मिळते, लपवलेल्याला नाही, त्याची सरळ जप्ती होते. पावती घेतल्याशिवाय हॉलमधून बाहेर पडू नका, पावतीवर रायफलीचा नंबर लिहिलाय का तो तिथंच वाचा.

इंदूरला पोचलात की रायफल घरी मिरवायची नाही. लायसन्स, कस्टमची ड्यूटीची पावती आणि रायफल घेऊन कलेक्टोरेटमध्ये नंबर चढवायचा, थान्यात नोंद करायची. मध्ये सुट्टीचे दिवस आले तर लायसन्स असलेल्या गन हाऊसमध्ये जमा करून जमापावती घ्या, घरात कपाटावर ठेवण्यापेक्षा ते बरं. नंतर निवडणूक आली की जमा करायचा आदेश येतो, लायसन्स पाच वर्षांचं असतं, रिन्यूअलला हत्यार दाखवावं लागतं, हे सगळं वडिलांना माहीत आहे, ते सांगतील.

आता आणावी की नाही. मी धंदेवाला आहे तरी सांगतो, पैशाचा हिशेब करत असाल तर आणू नका. एक्सपोर्टचा खर्च, एअरलाइन, ड्यूटी, कागदांच्या चकरा, एवढ्यात इथं ईशापूरची नवी येते, आणि टीआरची रायफल तुम्हाला हयातभर विकता येत नाही, मुलालाही हातात देऊन मोकळं होता येत नाही. ऐंशीच्या दशकात खासगी आयात बंद झाल्यावर परदेशी हत्यारांच्या किमती इथं अशा चढल्या की लोक टीआरवर आणून विकायला लागले, तेव्हापासून ही अट इतकी कडक. पण तुम्ही लिहिलंय की पहिल्या पगारातून घेतलेली ती थर्टी-ओ-सिक्स आहे आणि तिच्यावरच तुम्ही शिकलात, तर मग हिशेब वेगळा, आणा, सगळ्या कागदांनिशी आणा, काही चुकीचं नाही त्यात. रायफल आवडणाऱ्या माणसाला ते समजतं.

.३०८ चं मात्र तिथंच करा. दुकानात कन्साइनमेंटवर लावा किंवा पीएएल असलेल्या मित्राच्या नावावर रेफरन्स नंबर घेऊन रीतसर ट्रान्सफर करा, आणि त्या ट्रान्सफरचा कागद जपून सोबत आणा. तुमच्या शिकारीच्या कागदांत आणि फोटोंत दोन रायफली दिसणार, आणि व्हेरिफिकेशनच्या वेळी दुसरी कुठं गेली असं कुणी विचारलं तर दाखवायला तोच एक कागद लागेल.